ठेवू की टाकू

मोठ्या इस्पितळाच्या तळघरात चादरींचं भांडार होतं आणि त्या भांडारात माझ्या वहिनीची सत्तावीस वर्षं गेली. धुलाईखान्यातून ढकलगाडीवरून चादरींचे गरम ढीग यायचे. वहिनी एकेक चादर दोन्ही हातांनी दिव्यापुढे धरायची आणि मधोमध, जिथे पेशंटचं अंग घासतं तिथे, अंगठा दाबून बघायची. कापडाने अंगठा पेलला तर चादर ठेवायची. अंगठा आरपार गेला तर टाकायची. टाकायच्या चादरीवर जांभळ्या शाईचा शिक्का बसायचा, ‘कंडम’. पण एकट्या वहिनीच्या शब्दावर चादर कंडम होत नसे. त्याला दोन सह्या लागत, एक तिची आणि एक दुसऱ्या कुणाची तरी. ती म्हणायची, एका माणसाचा डोळा थकलेला असू शकतो, दोघांचे एकदम थकत नाहीत.

तीच सवय घरी. विरलेला टॉवेल, झाकण हरवलेला डबा, एकच कान उरलेली कढई, जे हाताला लागेल ते ती उंच धरायची आणि माझ्या भावाला विचारायची, “ठेवू की टाकू?”

दादा मान वर न करता म्हणायचा, “ठेव.”

तीस वर्षांच्या संसारात तो एकदाही ‘टाक’ म्हणाला नाही. वहिनी मला म्हणायची, तुझ्या भावाची दुसरी सही काही मिळत नाही बाई, आमचं घर म्हणजे कंडम मालाचं गोदाम. मग तो कामावर गेला की निम्म्या वस्तू गुपचूप खाली कचऱ्यात जायच्या. त्याला ते कळायचं. तिलाही कळायचं की त्याला कळलंय. दोघंही बोलत नसत. त्यांच्या संसाराची घडी अशी बसलेली होती.

दादा वजनकाटे दुरुस्त करायचा. एका शटरचं दुकान, आत लांबलचक टेबल, भिंतीवर उतरत्या क्रमाने पितळी वजनं. वजन तो कधी बोटांनी उचलत नसे, चिमट्याने उचलायचा. बोटांचा तेलकटपणा वजनाला लागतो आणि काटा खोटं बोलायला लागतो, असं त्याचं म्हणणं. सगळा रस्ता त्याला काटेवाले म्हणायचा. वहिनी म्हणायची, घरात काटेच काटे, फूल म्हणून एक नाही.

फुलं आली ती सहा वर्षांपूर्वी. शोभेचे मासे विकणाऱ्या एका दुकानदाराचा छोटा काटा बिघडला होता, तो बघायला दादा गेला. अर्ध्या तासाचं काम. परत आला तीन तासांनी, बाही कोपरापर्यंत भिजलेली, आणि डोळे असे, की वहिनीला वाटलं दुकानात कुणी गेलंबिलं की काय. दुकानदाराकडे खाऱ्या पाण्याची टाकी होती आणि तिच्यात जिवंत कोरलं होती, समुद्राच्या तळाशी फुलांसारखी वाढणारी प्रवाळं. दादाने ती जन्मात पहिल्यांदा पाहिली होती. आम्ही दुकानदाराला माशेवाला म्हणायचो. त्याने सांगितलं होतं, नवशिक्याने मऊ कोरलं पाळावीत. त्यांना हाड नसतं, फार कौतुक लागत नाही, उजेड आणि स्वच्छ खारं पाणी पुरतं, सहजासहजी मरत नाहीत.

“मऊ आणि सहजासहजी न मरणारी,” वहिनी म्हणाली. “म्हणजे बायकाच की.”

दोन फुटी काचेची टाकी आली. पहिला महिनाभर तिच्यात नुसते दगड आणि पाणी. पाणी मुरावं लागतं, दगडांवर न दिसणारे जीव वाढावे लागतात, तोवर काही सोडायचं नसतं. वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, लोक कुत्री पाळतात, आमच्या ह्यांनी दगड पाळलेत, अगदी गुणी आहेत, भुंकत नाहीत. मग एकेक कोरल आलं. बटणाएवढ्या तोंडांचा एक पुंजका, त्याला आम्ही बटणं म्हणायचो. मुठीसारखी उघडमीट करणारी फिकट झुडपं, त्या मुठी. आणि एक नाण्याएवढा, जाड देठाचा, वरून पसरट तुकडा. त्याच्यावर केसरांसारखी असंख्य बारीक बोटं होती आणि ती पाण्याबरोबर हलायची. ती छत्री. पाच वर्षांत ती बशीएवढी झाली. दादाने एकदा तिच्या कडेचा तुकडा कापून माशेवाल्याला दिला होता, मुलगी दिल्यासारखा हळवा होऊन.

दर रविवारी आठ लिटर पाणी बदलायचं, त्याला दोनशे ऐंशी ग्रॅम मीठ. हे मीठ तो दुकानातल्या सर्वांत चोख काट्यावर तोलून आणायचा. एरवी पाणी उडून पातळी खाली गेली की काचेवरच्या पट्टीपर्यंत फक्त साधं शुद्ध पाणी घालायचं, कारण उडतं ते पाणी, मीठ जागेवरच राहतं. हे मला आज पाठ आहे, तेव्हा नव्हतं. वहिनीलाही नव्हतं. टाकी त्याची होती. तो सांगायचा खूप, आज बटणं दोन वाढली, आज मुठी थकल्यात, आणि वहिनी डबा भरता भरता अर्ध्या कानाने ऐकायची, बायको ऐकते तसं. एका सकाळी तो टाकीजवळून मोठ्या उत्साहाने काहीतरी सांगत होता, तर ती “माझ्या घरात साप नकोत हं” असं म्हणून चपला घालून निघूनही गेली होती. काय सांगत होता ते तिला संध्याकाळपर्यंतसुद्धा लक्षात राहिलं नव्हतं.

दादाला झटका आला तो दुकानातच, दुपारी. चिमट्यातलं वजन खाली पडलं आणि पाठोपाठ तो. शेजारच्या किल्ल्या बनवणाऱ्याने त्याला वहिनीच्याच इस्पितळात आणलं. ती तळघरातून धावत वर आली. मी पोचले तेव्हा ती पलंगाशी उभी होती आणि दादाच्या अंगाखालच्या चादरीवर अंगठा दाबून बघत होती. आपण काय करतोय हे तिला कळत नव्हतं. मी तिचा हात धरून बाजूला केला.

उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. बोलणं शिकवायला एक हसरी मुलगी यायची. तिने आम्हाला समजावलं, शब्द आत शाबूत आहेत, दार जाम झालंय. कधी शब्दाचा पुढचा तुकडा बाहेर येईल, कधी मागचा, कधी दोन शब्दांचे तुकडे एकमेकांना चिकटून येतील. लांबलचक विचारू नका. दोन गोष्टी समोर ठेवा आणि एक निवडू द्या.

वहिनी म्हणाली, “ते मला येतं.”

तिसऱ्या दिवशी दादाने डावा हात उचलला, पाचही बोटं पसरून खाली वळवली आणि हलवली. मला कळेना. वहिनीला लगेच कळलं. छत्री. तो छत्रीची चौकशी करत होता. तिने त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, “सगळं मी बघते. तुम्ही घरी याल तेव्हा एकसुद्धा कमी नसेल. मोजून घ्या.”

काटेवाल्याला मोजून घ्या म्हटल्यावर तो काय म्हणणार? त्याने डोळे मिटले आणि बऱ्याच वेळाने त्याला शांत झोप लागली. त्या दिवसापासून हात रोज एकदा वर जायचा, छत्री व्हायचा, आणि वहिनी सांगायची, मजेत आहे. डॉक्टर म्हणाले होते, पेशंटला घरी यायची ओढ असेल तर निम्मं काम होतं. दादाची ओढ आम्हाला डोळ्यांनी दिसत होती. पाच बोटांची.

मी वहिनीकडे राहायला गेले. तिने टाकी हाती घेतली ती भांडाराच्या शिस्तीने. इस्पितळातून घरी आली की आधी पाण्याची पातळी, मग थर्मामीटर, मग बादली. मीठ दादाच्या दुकानातला काटा आणून त्यावर तोलायची, एक ग्रॅम जास्त झालं तर चमच्याच्या टोकाने काढायची. दादाची वही होती. तीत सगळ्या नोंदी, पण त्याच्या पद्धतीने, आखूड. मी. २८०. ता. २६ म्हणजे पाण्याचं तापमान. पा. ब. म्हणजे पाणी बदललं. माशेवाला एकदा येऊन बघून गेला, म्हणाला, काकू, काकांपेक्षा तुमची टाकी चकाचक आहे. जाताना एकच बजावलं, काही मेलेलं दिसलं तर त्याच दिवशी बाहेर काढा. लहान टाकीत एक कुजलं की सगळ्यांना घेऊन जातं.

तिसऱ्या आठवड्यात छत्री मिटली.

पहिल्या दिवशी केसरं आत गेली. आम्ही म्हटलं, रुसली असेल. चौथ्या दिवशी तिच्या वरच्या अंगावर मेणासारखी चकाकी आली. सातव्या दिवशी चकाकीचा पातळ पापुद्रा दिसायला लागला, त्यावर धूळ बसल्यासारखी शेवाळाची हिरवट छटा. देठ एका बाजूला कलला होता. बटणं उघडी, मुठी उघडमीट करतायत, आणि मधोमध ही, इस्पितळातल्या माणसासारखी, भिंतीकडे तोंड केल्यासारखी.

वहिनीने पाणी दोनदा बदललं. माशेवाल्याला फोन केला तर बंद. मी दुकानापर्यंत जाऊन आले, शटर खाली, आणि त्यावर कागद चिकटवलेला की आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी बाहेरगावी. मग आम्ही वही चाळली. तीन वर्षांपूर्वीच्या एका पानाच्या तळाशी छत्रीचं नाव सापडलं. ‘छत्री. का. टा.’ एवढंच. पुढे पान संपलेलं.

“काटा,” वहिनी म्हणाली. “त्या दिवशी काटा तपासला असेल.”

मलाही तसंच वाटलं. काटेवाल्याच्या वहीत काटाच असणार. आम्ही वही मिटली.

नवव्या दिवशी पापुद्र्याचा एक कोपरा सुटून पाण्यात लोंबायला लागला. वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली, ही गेली. हिच्या पायी बाकीची जातील. पण मी एकटीने नाही ठरवणार. दुसरी सही लागते.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटीच्या वेळेला आम्ही दोघी पलंगाशी बसलो. दादाचा हात वर गेला, छत्री झाला. आज वहिनी ‘मजेत आहे’ म्हणाली नाही. तिने त्याला सगळं नीट सांगितलं, केसरं आत गेली, मेण आलं, पापुद्रा सुटला, नऊ दिवस झाले. तो डोळे मोठे करून ऐकत होता. मग त्या मुलीने शिकवलं होतं तसं, आणि स्वतः तीस वर्षं केलं होतं तसं, तिने विचारलं, “ठेवू की टाकू?”

दादाने जिभेला जोर लावला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. “का,” तो म्हणाला. “का... टा.”

“काटा? काटा छान आहे. मी घरी आणलाय, त्यावरच मीठ तोलते.”

त्याने डोकं जोरात हलवलं. पलंगाच्या कठड्यावर डावी मूठ आपटली. “का... टा... टाक.” आणि पुन्हा, थुंकी उडाली इतका जोर करून, “टाक.”

वहिनीने त्याच्या ओठांवरची थुंकी पुसली. ती माझ्याकडे बघत होती. तिला काहीतरी खटकलं होतं हे मला दिसत होतं, आणि मला वाटलं, ही आता अर्धा तास घोळ घालणार, दादा दमेल. मी म्हटलं, “स्पष्ट म्हणतोय की, टाक.”

त्या संध्याकाळी तिने छत्री काढली. रबरी हातमोजे घालून हात टाकीत घातला, छत्री ज्या छोट्या दगडाला धरून होती त्याच्यासकट उचलली आणि ताटलीत ठेवली. मग एक हातमोजा काढला आणि अंगठा दाबून बघितला. पापुद्रा अंगठ्याखाली सरकला, फाटला, बोटाला चिकटून आला. “विरलं,” ती पुटपुटली. खाली अंगठा थांबला. खालचं घट्ट होतं, रबरासारखं. मी वास घेतला. मेलेल्या जिवाचा वास मला ठाऊक आहे, सगळ्यांनाच असतो. तसा वास नव्हता, फक्त खाऱ्या पाण्याचा होता. मी ते बोलले नाही. तिने जुन्या वर्तमानपत्रात छत्री गुंडाळली, खाली जाऊन डब्यात टाकली, आणि वर येऊन दोन वेळा हात धुतले. सकाळी कचऱ्याची गाडी आली आणि गेली.

दादाने दुसऱ्या दिवशी हात वर केला, तेव्हा वहिनी म्हणाली, “तुम्ही म्हणालात तसंच केलं.” त्याने एक मोठा श्वास सोडला आणि अर्ध्या तोंडाने हसला. झटक्यानंतर पहिल्यांदा. आम्हा दोघींच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. त्या दिवसापासून तो झपाट्याने सुधारायला लागला. ‘चहा’ म्हणाला. ‘बस’ म्हणाला. बोलणं शिकवणाऱ्या मुलीला एकदा, जायची वेळ झाली तेव्हा, ‘ये’ म्हणाला, आणि ती पोरगी रडली.

पाचव्या दिवशी माशेवाल्याचा फोन आला. फोन सुरू केल्यावर आमचे कॉल दिसले म्हणून त्याने आपणहून केला होता. वहिनीने फोन कानाला लावून सगळं सांगितलं. पलीकडून तो एकेक विचारत गेला, चकाकी होती का, मेणासारखी? पापुद्रा सुटत होता का? वास होता का? मग त्याने जे सांगितलं ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती हळूच खाली बसली, खुर्ची नव्हती तिथे, जमिनीवर. फोन मी घेतला. तो अजून बोलत होता, “काकू, ती कात टाकत होती हो. वर्षातून एखाददा टाकतात ह्या. दहाबारा दिवस मेल्यासारख्या दिसतात. काकांना तर पाठ आहे. त्यांना नाही विचारलंत?”

वहिनी उठली आणि चपला न घालता खाली गेली. मी मागोमाग. पाच दिवसांत तो डबा पाच वेळा रिकामा झाला होता. तरी तिने झाकण उघडून आत बघितलं, कुणाचीतरी ओली पिशवी बाजूला सारली, झाकण परत नीट लावलं. वर येऊन वही काढली. ‘छत्री. का. टा.’ तिने पान उलटलं. पुढच्या पानावर, बारा दिवसांनंतरची तारीख घालून, आखूड न करता, पूर्ण अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘छत्री उमलली.’ तिने मागची पुढची सगळी पानं बघितली. पाच वर्षांत चार वेळा का. टा., आणि चारही वेळा पुढे, उमलली.

“साप,” ती म्हणाली.

मला वाटलं तिचं डोकं फिरलं. मग तिने ती सकाळ सांगितली. डबा भरत होती, तो टाकीजवळून म्हणत होता, अगं बघ तरी, कात टाकतेय. आणि ती म्हणाली होती, माझ्या घरात साप नकोत हं.

त्यानंतर ती पुन्हा पुन्हा एकच बोलत राहिली. तीस वर्षांत एकदाही टाक न म्हणालेला माणूस. एकदाही नाही गं. कुजकं फडकं ठेव म्हणायचा, आणि छत्री टाक म्हणेल? माझ्या एवढंही लक्षात येऊ नये? तिला तेव्हा खटकलं होतं. मीच तिला खटकू दिलं नव्हतं.

दादाला इस्पितळात सांगायचं नाही, असं तिने ठरवलं. घरी आल्यावर, टाकीसमोर बसवून, स्वतः सांगेन म्हणाली. तोवर तो रोज हात वर करायचा, आणि आता हात खाली वळलेला नसायचा. बोटं वर, उघडी, फुललेली. उमलली का, असं विचारत असणार. ती म्हणायची, घरी चला, मग बघा. खोटं नव्हतं ते.

माशेवाल्याने आपल्या दुकानातली तशीच, तेवढीच मोठी दुसरी छत्री द्यायची तयारी दाखवली. म्हणाला, काकांना कळणारही नाही. वहिनी म्हणाली, अर्ध्या ग्रॅमचा फरक चिमट्यावर ओळखणारा माणूस आहे तो. आणि त्याला नाही कळलं तर ते जास्त वाईट, म्हणजे तो खरंच गेला.

नऊ दिवसांनी तो घरी आला. किल्ल्यावाल्याने आणि आणखी दोघांनी त्याला खुर्चीसकट तीन जिने वर आणलं. वाटेत तो हसत होता. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ‘बस’ म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. दार उघडल्यावर त्याने घराकडे बघितलंच नाही, डावा हात टाकीकडे केला. खुर्ची टाकीसमोर ठेवली, माणसं गेली, मी दार लावलं.

बटणं होती. मुठी उघडमीट करत होत्या. मधोमध मोकळी जागा होती आणि तिच्यामागची काच दिसत होती.

तो बराच वेळ शोधत राहिला. छत्री सरकवली असेल असं वाटून असेल, त्याने मान वाकवून कोपरे बघितले. मग हात वर केला.

वहिनी त्याच्या पायाशी जमिनीवर बसली होती. तिने तो हात धरला. “मी टाकली,” ती म्हणाली. “मला वाटलं मेली. माझी चूक झाली.”

एवढंच तिने ठरवलं होतं, आणि तिथे थांबायचं होतं. ती थांबलीही. पण तिचा चेहरा मला बघवेना. सत्तावीस वर्षं दोन सह्यांशिवाय एक चादर न टाकलेली बाई सगळं एकटीच्या नावावर घेत होती. मला राहवलं नाही. मी म्हणाले, “दादा, तूच टाक म्हणालास ना. मी होते तिथे. तिने तुला विचारलं होतं.”

दादाने माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. त्याचे ओठ हलायला लागले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि त्याने ते वाक्य पूर्ण म्हटलं. सावकाश, एकेक अक्षर चिमट्याने उचलून पारड्यात ठेवावं तसं.

“कात. टाक. तेय.”

झटक्यानंतरचं ते त्याचं पहिलं पूर्ण वाक्य. वहिनीने त्याचा हात आपल्या कपाळाला लावला आणि म्हणाली, “हो. कात टाकत होती.”

त्यानंतर दादा बोललेला नाही.

बोलणं शिकवणारी मुलगी घरी येऊन गेली, सहा वेळा. चहा की दूध, लाल की निळा, वर की खाली. तो तिच्याकडे प्रेमाने बघायचा आणि तोंड घट्ट मिटायचा. शेवटी ती बाहेरच्या खोलीत येऊन म्हणाली, घशाला काही झालेलं नाही, जिभेलाही नाही, त्यांना बोलायचंच नाहीये, काही घडलं का घरी? वहिनी नाही म्हणाली. ती पोरगी जिना उतरून गेल्यावर वहिनी माझ्याकडे वळली. एरवी ती मला अगं तुगं करायची. राग आला की वन्सं म्हणायची, चेष्टेत. त्या दिवशी चेष्टा नव्हती.

“वन्सं,” ती म्हणाली, “एवढं एक माझ्या एकटीच्या वाट्याला राहू द्यायचं होतंत.”

पुन्हा तो विषय तिने कधी काढला नाही. मी आजही जाते, ती चहा करते, माझी विचारपूस करते. पण त्या घरात मी काही बोलायच्या आधी आता दोनदा विचार करते. आमच्या घरात दादा एकटाच गप्प झालेला नाही.

वहिनीने भांडारातून बदली मागून घेतली. आता ती खिडकीपाशी बसून पेशंटची नावं लिहिते. घरी काही टाकत नाही. एका कानाची कढई, पट्टा तुटलेली पिशवी, इस्पितळात बाही कापलेला दादाचा सदरा, सगळं कपाटात आहे. कपाटाचं दार आता लागत नाही, त्याला तिने दोरी बांधली आहे. कधी एखादी वस्तू हातात उंच धरते, “ठेवू?” एवढंच म्हणते, आणि पुढचा अर्धा प्रश्न गिळून दादाकडे बघत थांबते. तो खिडकीबाहेर बघत असतो. मग ती ठेवते.

माशेवाल्याकडे आमच्याच छत्रीचा तो तुकडा वाढत होता, दादाने कापून दिलेला. त्याचाही एक छोटा तुकडा करून तो घेऊन आला, नाण्याएवढा. वहिनीने पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवली, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं व्हावं म्हणून. दादाची खुर्ची वळवून तिने विचारलं, “ठेवू?” वीस मिनिटं पिशवी तरंगत होती आणि वीस मिनिटं ती त्याच्यासमोर उभी होती. तो तुकड्याकडे टक लावून बघत होता. एकदा त्याचे ओठ विलग झाले. मग त्याने ते मिटले. तिने तुकडा मोकळ्या जागी ठेवला.

आठ महिन्यांनी तो मिटला. केसरं आत, मेण, पापुद्रा. वहिनीने वही काढली, तारीख घातली, आणि दादाला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचत, एक अक्षरही आखूड न करता लिहिलं, ‘छत्री कात टाकते आहे. हात लावू नये.’ माझा फोन आला की ती आधी दिवस सांगायची. आज पाचवा. आज आठवा.

अकराव्या दिवशी सकाळी मी तिथेच होते. केसरं बाहेर आली होती, नवी, आधीपेक्षा लांब, पाण्याबरोबर हलत होती. वहिनीने दादाला टाकीसमोर आणलं, त्याच्या गळ्याशी टॉवेल नीट केला आणि शेजारी उभी राहिली. तो बघत राहिला. त्याचा डावा हात मांडीवर होता, तो उचलला गेला नाही. ती उभीच होती. तिचा चहा गार झाला, तिची कामाची वेळ झाली, मी म्हटलं सुद्धा. तेव्हा तिने टेबलावरची वही ओढली, उभ्याउभ्याच ‘छत्री उमलली’ एवढं लिहिलं, आणि चपला घालून निघून गेली.